वळणं परत आणली, नायट्रेट हललं नाही (पीएचडीचं चौथं वर्ष)

ओलेपाय

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय. मोठा झालाय, सांभाळून घ्या.

माझी पीएचडी एका ओढ्यावर आहे. शहराच्या कडेने वाहणारा, कधीकाळी सरळ करून काँक्रीटमध्ये घातलेला ओढा. त्यातल्या ६०० मीटरच्या पट्ट्यातलं काँक्रीट काढलं, पात्राला वळणं दिली, मध्ये मध्ये खळाळ आणि डोह केले, मोठे गोटे बसवले, काठावर रोपं लावली. हे काम करणारी मंडळी वेगळी. माझं काम मोजायचं. कामाआधी एक वर्ष, कामानंतर तीन वर्षं. पट्ट्याच्या वर एक ठिकाण, खाली एक, आणि तुलनेसाठी शेजारचा अजून काँक्रीटमध्येच असलेला ओढा. दर पंधरा दिवसांनी नायट्रेट, स्फुरद, विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा, विद्युतवाहकता. वर्षातून दोनदा तळातले किडे.

गृहीतक साधं होतं. पाणी रेंगाळेल, तळाच्या वाळूत शिरून पुन्हा वर येईल, वाळूतल्या प्राणवायू संपलेल्या कोपऱ्यांत जिवाणू नायट्रेटचा नत्रवायू करतील, आणि खालच्या ठिकाणी नायट्रेट कमी दिसेल. तीन वर्षं झाली. वर लिटरला ४ मिलिग्रॅम, खाली लिटरला ४ मिलिग्रॅम. कधी वर ४.१ आणि खाली ३.९, कधी बरोब्बर उलटं. स्फुरदाची तीच गत. किड्यांत त्याच लाल अळ्या आणि त्याच गांडुळाच्या भाऊबंदांची गर्दी. मेफ्लायचं (स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यातला किडा) एक पिल्लू सापडलं होतं, तर मी त्याचा फोटो घरी पाठवला, यावरून काय ते ओळखा.

ओढा दिसायला मात्र फार सुंदर झालाय. लोक येऊन बसतात, "पाणी किती स्वच्छ झालं ना" म्हणतात. मी बाटली भरता भरता मान डोलावते.

गाईड म्हणतात अजून एक वर्ष मोज, झाडं मोठी होऊ देत. फेलोशिप संपत आलीय. "काहीच झालं नाही" यावर थिसिस होतो का? की माझ्या मोजण्यातच काही हुकलंय? मारा, पण सांगा.

काठावरून_बघणारा

काँक्रीट काढून दगड टाकायचे, मग पाणी मोजायचं, यावर डॉक्टरेट मिळते? आम्ही उगाच सिव्हिल केलं.

ओलेपाय

@काठावरून_बघणारा, ते काँक्रीट सिव्हिलवाल्यांनीच घातलं होतं. हलके घ्या.

जुना_पाणकोळी

थिसिस होतो. चांगला होतो. मी प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात नोकरी काढली, तेव्हा थोडं अधिकारवाणीने लिहितो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा निकाल जगावेगळा नाही. अमेरिकेत एमिली बर्नहार्ट, मार्गारेट पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या नद्या-ओढ्यांच्या पुनरुज्जीवनाच्या नोंदी गोळा केल्या आणि २००५ साली छापल्या. ३७,००० हून जास्त प्रकल्प निघाले. १९९० पासून वर्षाला किमान १ अब्ज डॉलर यावर जात होते. आणि काम झाल्यावर कोणी काही मोजलं का, याचा उल्लेख सापडला तो फक्त १० टक्के नोंदींत. बाकीच्यांनी फोटो काढले असणार. तुम्ही त्या दहा टक्क्यांतल्या आहात, शिवाय तुमच्याकडे कामाआधीचं वर्षही आहे.

पुढे २०१० मध्ये पामर आणि सहकाऱ्यांनी असे ७८ प्रकल्प तपासले, जिथे पात्राची ठेवण सुधारली की तळातले जीव वाढतील अशी अपेक्षा होती. जैवविविधता नक्की वाढली असं आकड्यांनी म्हणता आलं ते दोन ठिकाणी. ७८ पैकी दोन. त्या निबंधाला कोणी "यात काहीच झालं नाही" म्हणून परत पाठवलं नाही.

आता उलट उदाहरण. लंडनमधल्या टेम्सला १९५७ साली जीवशास्त्राच्या दृष्टीने मृत म्हटलं गेलं होतं. तिला कोणी वळणं दिली नाहीत, गोटे बसवले नाहीत. सांडपाण्याची केंद्रं सुधारली, पाण्यात प्राणवायू परत आला, मासे आपले आपण आले. १९७४ मध्ये एका वीजकेंद्राच्या जाळीत सॅमन सापडला. काठ तेच, भिंती त्याच.

म्हणून माझा पहिला प्रश्न: तुमच्या वरच्या ठिकाणी येणारं ते ४ मिलिग्रॅम कुठून येतं?

ओलेपाय

काका, खरं सांगू? वरून येतं एवढंच माहीत आहे. माझ्या प्रपोजलमध्ये ओढा त्या वरच्या ठिकाणापासून सुरू होतो. :(

आकडेमोड

मी ओढ्यांवर नाही, पण गाळ आणि नत्राच्या मॉडेलिंगवर पीएचडी केलीय. कागद घ्या, पाच मिनिटांचं गणित आहे.

पाण्याचा वेग सेकंदाला ०.२ मीटर धरा. ६०० मीटरला ३,००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं. तुमच्या इतक्या कष्टाने सजवलेल्या पट्ट्यात पाण्याचा थेंब पाऊण तासाच्या वर जरासाच थांबतो.

आता खोली ०.२ मीटर धरा. नायट्रेट तळाकडून ज्या वेगाने ओढलं जातं तो "ग्रहणाचा वेग" नायट्रेटने भरलेल्या ओढ्यात फार मंद असतो, मिनिटाला ०.२ मिलिमीटर धरून बघू. वेग गुणिले खोली, भागिले हा ग्रहणाचा वेग. उत्तर येतं १२ किलोमीटर. म्हणजे नायट्रेटचा एक कण उचलला जाण्याआधी सरासरी १२ किलोमीटर वाहत जातो, हीच त्याची ग्रहणलांबी. तुमचा पट्टा त्याचा विसावा भाग. मग कमी होणार किती? ५ टक्के. ४ मिलिग्रॅमचे ५ टक्के म्हणजे ०.२. समजा पुनरुज्जीवनाने ओढ्याची ताकद दुप्पट झाली, तरी आधीच्या नि नंतरच्यात फरक पडणार ०.२ मिलिग्रॅमचा. तुमच्या वर-खालच्या नमुन्यांची आपापसातली ओढाताण किती आहे? ४.१ आणि ३.९ तुम्हीच लिहिलंय.

थोडक्यात, जो फरक पडण्याची शक्यता होती तो तुमच्या पद्धतीला दिसणारच नव्हता. हे गणित पहिल्या वर्षी करायचं असतं. मीही केलं नव्हतं, तिसऱ्या वर्षी परीक्षकांनी करायला लावलं.

आणखी एक. अमेरिकेत ७२ ओढ्यांत नत्राचा जड समस्थानिक, नत्र-१५ (नत्रच, फक्त अणू जरा जड), सोडून नायट्रेट कुठे जातं ते मोजलं होतं (मुलहॉलंड आणि बरेच जण, नेचर, २००८). पाण्यात नायट्रेट जितकं जास्त, तितका ओढ्याचा त्यातला उचलण्याचा वाटा कमी. जिवाणूंची एकूण कमाई वाढते, पण येणारा लोंढा त्याहून जास्त वाढतो. ओढा चांगला असून उपयोग नाही, त्याच्यावर लादलंय किती ते बघायला हवं.

भिंगरी

वाचनखूण साठवली. @आकडेमोड, पहिल्यांदाच कोणीतरी ग्रहणलांबी मला कळेल अशी सांगितली.

ओलेपाय

@आकडेमोड, काल रात्री तीनदा गणित केलं. माझा खरा वेग ०.१५ ते ०.२५, खोली कुठे १५ तर कुठे ३० सेंटिमीटर. कसंही फिरवलं तरी फरक माझ्या चढउतारात बुडतो. आधी रडू आलं, मग वाटलं की हेच पहिलं प्रकरण आहे की काय.

आकडेमोड

हेच पहिलं प्रकरण आहे.

आणि दुसऱ्याची तयारी: तुमचे शंभरेक नमुने आहेत, पण ओढा एकच. हर्लबर्टचा १९८४ चा "खोट्या पुनरावृत्ती"वरचा निबंध वाचा. एकाच ओढ्यातून शंभर बाटल्या भरल्या म्हणून शंभर ओढे होत नाहीत. परीक्षक पहिला बाण तिथेच मारतील. वर वजा खाली या फरकाचा आधी-नंतर आणि शेजारच्या ओढ्याशी ताळा घाला, आणि निष्कर्ष "या ओढ्यात" असाच लिहा, "ओढ्यांत" असा नको.

काठावरून_बघणारा

म्हणजे वळणं देणं हा निव्वळ देखावा? मग मी पहिल्या दिवशी वेगळं काय म्हणत होतो?

जुना_पाणकोळी

देखावा नाही. पण कशासाठी करतोय ते आधी ठरवलं पाहिजे. काठ खचत असेल, पुराचं पाणी पसरायला जागा हवी असेल, तर पात्राचं काम उत्तमच. फ्लोरिडातली किसिमी नदी १९६० च्या दशकात १६६ किलोमीटरच्या वळणांवरून ९० किलोमीटरच्या कालव्यात कोंबली, आजूबाजूची पाणथळ जमीन वाळली, पक्षी गेले. १९९९ पासून कालव्याचा काही भाग बुजवून पाणी जुन्या पात्रात सोडलं आणि पक्षी परत आले. तिथे दुखणंच पात्राचं होतं, औषधही पात्राचं.

आणि वळणंही आंधळेपणाने द्यायची नसतात. कॅलिफोर्नियातल्या उव्हास क्रीकला सुरेख नागमोडी पात्र बांधून दिलं, नोव्हेंबर १९९५ मध्ये काम पूर्ण. फेब्रुवारी १९९६ च्या पुरात ते वाहून गेलं. मॅट कॉन्डोल्फ आणि सहकाऱ्यांनी नंतर जुनी कागदपत्रं आणि फोटो काढून पाहिले, तर तो ओढा मुळात तसा वळणावळणाने जाणारा नव्हताच. फाटे फुटत, जागा बदलत वाहायची त्याची जात. वळणं आली होती नमुना-पुस्तकातून.

काठावरून_बघणारा

हे मात्र आमच्या लोकांचंच काम वाटतंय. मान्य.

गाळपेरी

थोडं अवांतर, पण "मूळ रूप" या शब्दावर काडी टाकल्याशिवाय राहवत नाही. पूर्व अमेरिकेत वर्षानुवर्षं समजूत होती की उंच काठांमधून वळत जाणारा एकच प्रवाह हे ओढ्याचं नैसर्गिक रूप. २००८ साली रॉबर्ट वॉल्टर आणि डोरोथी मेरिट्स यांनी सायन्समध्ये दाखवलं की ते काठ म्हणजे पाणचक्क्यांच्या बंधाऱ्यांमागे साचलेला गाळ आहे. १८४० च्या जनगणनेत पाण्यावरच्या ६५,००० हून जास्त गिरण्या नोंदलेल्या आहेत. बंधारे फुटले, ओढ्याने तो गाळ कापला, आणि उरलेल्या उभ्या भिंतींना लोक निसर्ग समजू लागले. गाळाखाली सापडली दलदल, बारीक बारीक प्रवाहांची जाळी. पेनसिल्व्हेनियात बिग स्प्रिंग रन या ओढ्यावर २०११ मध्ये तो साचलेला गाळच उचलून खालची जुनी पाणथळ उघडी केली.

सांगायचा मुद्दा: तुमच्या ओढ्याला दिलेली वळणं कोणत्या काळातली? जुना नकाशा पाहिलाय?

ओलेपाय

नाही पाहिला. यादीत टाकते. यादी आता थिसिसपेक्षा मोठी होत चाललीय.

भिंगरी

किड्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, माझा विषय तोच.

ताई, तुमच्या लाल अळ्या लाल का असतात माहीत असेलच, त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. प्राणवायू जवळजवळ संपला तरी त्या तग धरतात. त्यांचंच राज्य आहे म्हणजे ओढ्यात कधी ना कधी प्राणवायू तळाला जातोय. तुमच्या तक्त्यात प्राणवायू कसा आहे?

आणि तुम्ही नमुना किती वाजता घेता?

ओलेपाय

प्राणवायू उत्तम आहे, तीच तर गंमत. लिटरला ९ ते ११ मिलिग्रॅम. नमुना सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, प्रयोगशाळेची गाडी तेव्हाच मिळते.

भिंगरी

सापडलं. २० अंशांना पाण्यात मावतो साधारण ९.१ मिलिग्रॅम, त्याहून गरम पाण्यात अजून कमी. तुमच्याकडे ११ म्हणजे मापाबाहेर भरलंय, शेवाळ उन्हात जोरात कामाला लागलंय. काम करताना यंत्रं आत नेण्यासाठी जुनी झाडं तोडली होती का? सावली गेली, नायट्रेट-स्फुरद भरपूर, तळाला गोटे. शेवाळाला आणखी काय लागतं! दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री उलट ओढून घेतं. पहाटे जाऊन मोजा. सूर्य उगवायच्या आधी.

जुना_पाणकोळी

+१. आणि प्रोबवर (पाण्यात बुडवून प्राणवायूचा आकडा दाखवणारं यंत्र) आंधळा विश्वास नको, एक-दोन बाटल्या विंकलरच्या पद्धतीने करा. १८८८ सालची पद्धत आहे, अजून तिच्या तोडीचं फार काही नाही. काचेची घासलेल्या बुचाची बाटली पाण्याखालीच भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड, पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवून. बूच लावा, उलटीसुलटी करा. प्राणवायू असेल तर तपकिरी चोथा खाली बसतो. नसेल तर पांढरा राहतो. टायट्रेशन नंतर करा, पण रंग तिथेच काठावर दिसतो. खोटं बोलायला वाव नाही.

ओलेपाय

आज पहाटे गेले होते. लिहितेय तेव्हा पाय अजून ओले आहेत, आयडी सार्थकी लागला.

पावणेपाचला पोचले. डोक्याला टॉर्च. ओढ्याला वास होता, दिवसा कधी जाणवला नाही तसा, बंद खोलीतल्या ओल्या फडक्यासारखा. दुसऱ्या डोहात प्रोब सोडला आणि आकडा उतरत गेला: ५, ४, ३.४, शेवटी २.६ वर थांबला. मला वाटलं प्रोब गेला. बाहेर काढून हवेत धरला, ठीक दाखवत होता. परत सोडला, २.६. मग काकांनी सांगितलं तशी बाटली भरली. हात थरथरत होते, पहिल्या बाटलीत बुडबुडा राहिला, ती ओतून दिली. दुसरीत चोथा बसला तो फिकट, जेमतेम मातकट. त्याच जागी अकराला केलेल्या बाटलीत गडद तपकिरी.

चार वर्षं मी या ओढ्याला फक्त त्याच्या सर्वात चांगल्या वेळी भेटत होते.

भिंगरी

ती मेफ्लाय का टिकत नाही याचं उत्तर तुमच्या हातात आहे. आता लॉगर लावा, दर १५ मिनिटांनी नोंद. त्या चढउतारावरून ओढ्याचा श्वास मोजता येतो. हॉवर्ड ओडम यांनी १९५६ मध्येच ती रीत घालून दिलीय. अख्खं प्रकरण आहे हे.

गाळपेरी

आणि प्राणवायू सुधारला तरी किडे लगेच येतील असं नाही हां. आसपास कुठे तरी ते जिवंत असायला हवेत, उडत येऊन अंडी घालायला. आजूबाजूचे सगळेच ओढे काँक्रीटमध्ये असतील तर येणार कुठून?

बिनपाण्याची

मी या क्षेत्रातली नाही, पण सॅमनची ती गोष्ट इथे यायलाच हवी. सिएटलमधले ओढे नव्वदच्या दशकात सुधारले, अडथळे काढले. कोहो सॅमन समुद्रातून परत येऊ लागले. सगळे खूश. आणि पाऊस पडला की ते मासे गोल गोल फिरून, तोंड उघडंच टाकून काही तासांत मरायचे, पोटातली अंडी तशीच. कित्येक वर्षं कारण कळेना. २०२० च्या शेवटी सापडलं: टायर लवकर तडकू नयेत म्हणून रबरात जे रसायन घालतात त्याची ओझोनशी क्रिया होऊन तयार होणारा पदार्थ, सिक्स-पीपीडी-क्विनोन. रस्त्यावर झिजलेल्या टायरची पूड पावसाबरोबर ओढ्यात. घर झक्क सजवलं आणि हवा विषारी, असं झालं.

जुना_पाणकोळी

चपखल उदाहरण. यावरून आठवलं, @ओलेपाय, तुम्ही पावसातले नमुने घेतलेत की फक्त उघडीपीतले?

ओलेपाय

काका, जखमेवर मीठ. ऑटोसॅम्पलर होता, पुरात आपोआप नमुने भरणारा, २४ बाटल्यांचा. पाणी ३० सेंटिमीटर चढलं की सुरू व्हायचं असं लावलेलं होतं, कारण मागच्या विद्यार्थ्याने तसं लावलं होतं. मी बदललं नाही. दोन हंगामांनंतर आलेख काढले तेव्हा लक्षात आलं की ३० सेंटिमीटरला पूर जवळजवळ माथ्यावर असायचा. सगळ्या चोवीस बाटल्या ओसरत्या पाण्याच्या. रस्त्यांवरची घाण घेऊन येणारा पहिला लोंढा कधीच निघून गेलेला. वर शीतपेटी बंद पडून एका पुराच्या बाटल्या दोन दिवस उबेत राहिल्या, त्या टाकूनच द्याव्या लागल्या.

आकडेमोड

हे तर प्रत्येकाचं होतं. गाळ बहुधा पाण्याच्या आधी माथा गाठतो, चढताना गढूळ आणि त्याच पातळीला ओसरताना नितळ. स्फुरद गाळाला चिकटून जातं, त्यामुळे वर्षाच्या स्फुरदाचा मोठा हिस्सा मोजक्या पुरांच्या पहिल्या तासा-दोन तासांत निघून जातो. पंधरा दिवसांच्या नमुन्यावरून स्फुरदाचं वर्षाचं ओझं काढलं असेल तर ते वाक्य थिसिसमधून हळूच काढा. नायट्रेटचं तेवढं बिघडत नाही, ते भूजलातून सावकाश येतं, पावसात उलट पातळ होतं.

काठावरून_बघणारा

एक मूर्ख प्रश्न. ६०० मीटरच्या वरचा ओढा कोणी चालून पाहिलाय का? नुसता चालून?

जुना_पाणकोळी

मूर्ख नाही, या धाग्यावरचा सर्वात शहाणा प्रश्न आहे. चार-पाच दिवस पाऊस नाही असा दिवस बघा, विद्युतवाहकतेचं मीटर घ्या, आणि वरच्या ठिकाणाहून उगमाकडे चालत जा. दर पन्नास मीटरला एक आकडा. सांडपाण्यात क्षार जास्त असतात, आकडा उडी मारतो. उडी मारेल तिथे थांबा आणि काठ नीट बघा. बाटली भरा, अमोनिया तपासा. मैलापाणी ताजं असेल तर नत्र अमोनियाच्या रूपात असतं, आणि त्याचं नायट्रेट होताना एका ग्रॅम नत्रामागे साडेचार ग्रॅमच्या वर प्राणवायू खर्च होतो. तुमच्या पहाटेच्या २.६ मध्ये त्याचाही हात असू शकतो.

जमलं तर नायट्रेटचे समस्थानिक पाठवा तपासायला. मैल्यातून किंवा शेणखतातून आलेल्या नायट्रेटमध्ये नत्र-१५ जास्त असतं, रासायनिक खतातल्यात कमी. खात्रीचा साक्षीदार नाही, पण साक्ष देतो.

गाळपेरी

पुभाप्र! (पुढील भागाच्या प्रतीक्षेत, नव्या लोकांसाठी.)

ओलेपाय

पाच महिन्यांनी धागा वर काढतेय.

चालले. सलग नाही, तीन तुकड्यांत, कारण दोन ठिकाणी ओढा रस्त्याखालून जातो. वरच्या ठिकाणापासून साधारण सव्वा किलोमीटरवर वाहकता ६४० ची एकदम ४१० झाली. उलटं चालत होते, म्हणजे पाण्याच्या दिशेने तिथे उडी. परत पन्नास मीटर खाली आले, दहा-दहा पावलांवर मोजलं. उजव्या काठाला वेलींची दाट जाळी, मागे काही दिसेना. काठीने बाजूला केली तर पाइपाचं तोंड. हातभर व्यासाचा असेल. पावसाचं पाणी वाहून नेणारा असावा, पण आठवडाभर पाऊस नव्हता आणि त्यातून चांगली जाड धार चालू. खालच्या दगडांवर राखाडी, केसाळ बुरशीचे झुबके. अमोनिया भरपूर. प्रयोगशाळेतल्या मुलाने मला विचारलं, हा नमुना ओढ्याचा आहे की गटाराचा?

एवढ्या धारेने सगळे ४ मिलिग्रॅम होत नाहीत, हिशेब करून पाहिला. मिठाचं पाणी ओतून प्रवाह मोजला (पहिल्या खेपेला मीठ पुरतं विरघळलं नव्हतं, खडे तळाला बसून आलेखाला ही लांब शेपटी आली, दुसऱ्यांदा नीट झालं). पाइपाचा वाटा साधारण तिसरा हिस्सा. बाकीचं पाइपाच्या वरूनच येतंय, आणि ते थेंबाथेंबाने काठातून पाझरतं. समस्थानिक दोन्ही बाजूंनी बोलतात. ते भूजलात किती वर्षांपासून साठलंय कोण जाणे, ते काही माझ्या फेलोशिपमध्ये संपायचं नाही.

गाईडना सगळं एका बैठकीत दाखवलं. अर्धा तास काही बोलले नाहीत. मग म्हणाले, शीर्षक बदलावं लागेल. आता प्रकरणं अशी: ६०० मीटरकडून काय अपेक्षा ठेवता येते त्याचं गणित, वर-खाली आणि आधी-नंतरची तुलना, ओढ्याचा दिवसरात्रीचा श्वास, आणि वरचा सव्वा किलोमीटर. लॉगर लागलेत. ऑटोसॅम्पलर ५ सेंटिमीटरला सुरू होतो. गेल्या पुरात पहिल्या तीन बाटल्या अगदी काळ्या आल्या, इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

जुना नकाशाही मिळाला. @गाळपेरी, वळणं होती, पण एका प्रवाहाची नाहीत, तीन फाटे होते. वेगळा धागा काढेन.

भिंगरी

अभिनंदन! सावलीचं काय? झाडं किती वाढली?

ओलेपाय

माझ्या कमरेइतकी. एका वळणावर वाळुंजासारखं काहीतरी आपणहून उगवलंय, ते मात्र डोक्यावर गेलं, आणि त्याच्या सावलीतले गोटे शेवाळाशिवाय आहेत. तिथे एक वेगळा लॉगर लावलाय.

जुना_पाणकोळी

पाइपाचं पुढे काय झालं?

ओलेपाय

कळवलंय. "आमच्या नकाशात तिथे पाइप नाही" असं लेखी उत्तर आलं. फोटो पाठवले, त्यावर अजून काही नाही. तो वर कुठे जातो तेच सापडत नाही, रस्त्याच्या पलीकडे दोन झाकणं आहेत पण दोन्ही दिशा जुळत नाहीत.

काठावरून_बघणारा

झाकणांची आणि पाइपाच्या तोंडाची जागा नि उंची मोजून द्या. तळाची उंची मिळाली तर ढाळावरून रेघ काढून देतो, नक्की कुठून येतो ते कळेल. आणि रंग घालून बघता येतं, पण त्याला परवानगी लागते, तुम्ही एकट्या काही करू नका.

ओलेपाय

@काठावरून_बघणारा, व्यक्तिगत निरोप केलाय. उंची शनिवारी मोजते.